घणसोलीची गाडी ट्रॅकवर नेताना

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बंदिस्त ट्रॅक, समोरून येणारं कोणी नाही, कडेला झेंडे घेतलेले मार्शल आणि ॲम्ब्युलन्स उभी. अशा ठिकाणी पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनमध्ये आपलीच रोजची गाडी जोरात चालवायची. क्रमांक लागत नाहीत, करंडक मिळत नाही. गाडी नेमकी किती वळते, किती थांबते आणि आपण किती पाण्यात आहोत, हे कळतं. ज्याला वेगाची ओढ आहे त्याच्यासाठी याहून चांगली शाळा नाही.

नवी मुंबईत ही ओढ रात्री रस्त्यावर ऐकू येते. पामबीच रस्त्यावर मध्यरात्रीनंतर गाड्या पळवण्याचे प्रकार आणि त्यात झालेले अपघात आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडाचं सोडा. त्या रस्त्यावर रात्रपाळी संपवून घरी निघालेला माणूस असतो, आणि त्यानं आपल्या शर्यतीत नाव नोंदवलेलं नसतं. म्हणून गाडी ट्रॅकवर न्यावी, आणि नीट तयार करून न्यावी.

आता ट्रॅक कुठे, हा पहिला प्रश्न. कोल्हापुरात मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. पण रोजच्या गाडीसाठी पूर्ण लांबीचं, नावाजलेलं सर्किट म्हटलं की आजही लांबच जावं लागतं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक १९९० पासून चालू आहे. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं १२. कोइंबतूरचा कारी स्पीडवे २.१ किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट २०११ मध्ये फॉर्म्युला वनसाठी बांधलं, ते ५.१२५ किलोमीटरचं. आपल्याला वाटेच्या दृष्टीनं सर्वांत सोपा पडतो तो इरुंगट्टुकोट्टईचा. कळंबोलीहून पुण्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू करत थेट त्या गावावरूनच चेन्नईत शिरतो. अंतर साधारण १,३०० किलोमीटर.

म्हणजे हिशेब असा होतो. जाऊन-येऊन २,६०० किलोमीटर रस्ता. ट्रॅकवर वीस मिनिटांची चार सेशन मिळाली आणि प्रत्येकात आठ फेऱ्या झाल्या, तर जेमतेम १२० किलोमीटर. गाडीची तयारी करताना हे प्रमाण डोळ्यांसमोर असलं पाहिजे. जो बदल त्या १२० किलोमीटरमध्ये मजा देतो पण कात्रजच्या पुढे कंबर मोडतो, किंवा घणसोली गावातल्या गतिरोधकावर बंपर घासतो, तो आपल्या कामाचा नाही. गाडी सोमवारी ऑफिसलाही न्यायची आहे.

उदाहरणासाठी एक गाडी धरू: फोक्सवॅगन पोलो, १.० टीएसआय, मॅन्युअल गिअर, ११० पीएस. ही मुद्दाम निवडली. आपल्या चाकणच्या कारखान्यात ती २०२२ पर्यंत बनत होती, नवी मुंबईत जुनी चांगली सापडते, आणि तिच्याच भावंडांवर २०१० पासून पोलो कप शर्यती याच दक्षिणेतल्या ट्रॅकवर झाल्या. पुढे डिस्क, मागे ड्रम, वजन ११०० किलोच्या आसपास. स्विफ्ट किंवा आय-ट्वेंटी असली तरी खालचं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

सुरुवात खर्चानं करू नका, तपासणीनं करा. रबाळे एमआयडीसीत किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ओळखीचा गॅरेजवाला असेल तर गाडी लिफ्टवर चढवून अर्धा तास खालून पाहा. शॉकअप गळतोय का, लिंक रॉड आणि बॉल जॉइंट ढिले आहेत का, लोअर आर्मचे बुश फाटलेत का, ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बुटातून ग्रीस बाहेर येतंय का, इंजिनाचे माउंटिंग बसलेत का. चाक दोन हातांनी वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहिलं की बेअरिंग बोलतं. रस्त्यावर सहा महिने खपणारा ढिलेपणा ट्रॅकवर एका सकाळी तुटतो. बॅटरीची पट्टी घट्ट आहे ना, हेही बघा. खाडीकाठच्या हवेत ब्रेकचे धातूचे पाइप गंजतात. त्यांच्यावर बोट फिरवून पापुद्रे सुटत असतील तर ते आधी बदला.

आता ब्रेक. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण रोजची गाडी ट्रॅकवर सर्वांत आधी इथेच हात टेकते.

चालकासह गाडी १,२०० किलोची धरली आणि ती ताशी १५० वरून ६० वर आणली, तर ब्रेकना सुमारे पावणेनऊ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. माठातलं तीन लिटर पाणी उकळीला आणायला साधारण तेवढीच उष्णता लागते, आणि इथे ती तीनेक सेकंदांत तयार होते. तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क घेतात, कारण ब्रेक मारताच वजन पुढे झुकतं. एका फेरीत असं चार-पाच वेळा होतं. मध्ये थंड व्हायला वेळ मिळतो तो काही सेकंदांचा. शहरात आपण कितीही जोरात ब्रेक मारला तरी पुढचा सिग्नल येईपर्यंत डिस्क निवलेली असते. ट्रॅकवर ती प्रत्येक फेरीला आधीपेक्षा थोडी अधिक तापलेली राहते.

ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये जाते. ऑइल दाबलं जात नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. पण ते उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. मग पेडल मऊ लागतं आणि खाली-खाली जातं. गाडी थांबत नाही.

ब्रेक ऑइलचा आणखी एक स्वभाव आहे, आणि आपल्यासाठी तो फार महत्त्वाचा. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळायला हवं असं मानक सांगतं. तेच ३.७ टक्के पाणी प्यायल्यावर मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४०. घणसोलीसारख्या खाडीलगतच्या, चार महिने पावसात भिजणाऱ्या गावात दोन वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं ऑइल यातल्या दुसऱ्या आकड्याकडे सरकलेलं असणार, असंच धरून चालावं. म्हणून ट्रॅक डेच्या आधीच्या आठवड्यात ब्रेक ऑइल पूर्ण बदलणं ही पहिली आणि सर्वांत स्वस्त तयारी. ट्रॅकसाठी म्हणून मिळणाऱ्या चांगल्या डॉट ४ ऑइलचा नवा असतानाचा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असतो. तेच घ्या. बाटली सीलबंद हवी. गॅरेजच्या फडताळात अर्धी उघडी पडलेली चालणार नाही. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. नावातल्या आकड्यामुळे घोळ होतो, तेवढं पाहून घ्या.

बदलताना एअर नीट काढली पाहिजे. सर्वसाधारण रीत अशी की मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं. कंपनीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. ब्लीड निपलला पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवायचं. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल पाव आटा सैल करून पुन्हा आवळायचं, आणि आवळल्यावरच पहिल्यानं पाय उचलायचा. नळीतून आधी चहासारखं गडद ऑइल येतं, मग फिकट पिवळं. बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवायचं. वरचा डबा रिकामा होऊ द्यायचा नाही, नाहीतर हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. शेवटी इंजिन चालू करून पेडल दाबा. दगडासारखं लागलं पाहिजे.

पॅडचा प्रश्न जरा वेगळा. कंपनीचे पॅड थंडीत, पावसात, पहिल्याच दाबाला पकडतील असे बनवलेले असतात. फार तापले की पकड सोडतात, पेडल कडक राहतं पण गाडी थांबत नाही. निव्वळ शर्यतीचे पॅड याच्या उलट. तापल्याशिवाय पकडतच नाहीत, वर किंचाळतात. सकाळी शाळेच्या बससमोर अचानक थांबायचं असेल तर ते धोक्याचे. आपल्याला मधले हवेत, जे रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी म्हणून विकले जातात. पुढच्या चाकांना तेवढे बदलले तरी फरक मोठा पडतो. पॅडवर निम्म्याहून जास्त मटेरियल शिल्लक नसेल तर ते घेऊन जाऊ नका, कारण पातळ पॅड उष्णता अडवत नाही, सरळ ऑइलकडे पाठवतो. नवे पॅड घातल्यावर ते डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. मध्यम जोराचे आठ-दहा ब्रेक, पूर्ण न थांबता, आणि मग तसंच न थांबता गाडी फिरवून निववायची. हे काम पामबीचवर करायचं नाही. ट्रॅकच्या पहिल्या सेशनच्या पहिल्या फेऱ्या त्यासाठीच ठेवाव्यात.

मागचे ड्रम विसरू नका. पावसाळ्याचा चिखल आणि लायनरची पूड आत साचते. उघडून साफ करा, लायनर ॲडजस्ट करा. सेशन संपल्यावर तापलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढायचा नाही. लायनर तापलेल्या ड्रमला चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये टाकायची आणि चाकाखाली लाकडी गुटका लावायचा.

ब्रेक झाले की टायर. नवे कोरे टायर घालून जायचं मोठं आकर्षण असतं, पण आठ मिलिमीटर खोल नक्षीचा टायर ट्रॅकवर वळणात लवतो, तापतो, त्याचे कोपरे तुकड्या-तुकड्यानं उडतात. निम्मा झिजलेला टायर तिथे बरा चालतो. पण परतीच्या वाटेवर पाऊस लागला तर पाणी फेकायला नक्षी लागते. म्हणून चार-पाच मिलिमीटर खोली उरलेले, चांगल्या कंपनीचे, चारही सारखे टायर हा माझ्या मते योग्य मध्य. बाजूवर कोरलेले चार अंक वाचा. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षांहून जुना, कडक झालेला टायर नक्षी कितीही असली तरी नेऊ नये. फुगवटा आलेला तर नाहीच नाही.

हवेचं गणित पाहा. टायरातली हवा सुमारे साडेपाच अंशांनी तापली की दाब साधारण १ पीएसआयनं वाढतो. ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्यांत दाब सहा-आठनं वर जाणं नेहमीचं. रस्त्यावर तुम्ही ३३ ठेवत असाल आणि तसेच ट्रॅकवर गेलात, तर चौथ्या फेरीला टायर फुगून मधल्या पट्ट्यावर उभा राहतो आणि गाडी घसरायला लागते. म्हणून थंड असताना थोडी हवा कमी करून निघायचं, सेशन संपवून आत आल्या-आल्या मोजायची, आणि तापलेला दाब हवा तिथे येईल अशी सोडायची. अशा छोट्या हॅचबॅकला तापल्यावर पुढे ३५-३६ च्या आसपास असावा, इथून सुरुवात करा.

आकडा बरोबर आहे की नाही हे टायरच सांगतो. पांढरा खडू घ्या. नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते त्या खांद्यावर आडवी जाड रेघ ओढा. बऱ्याच टायरवर तिथे एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो, रेघ त्याच्यावरून न्या. सेशननंतर खडू त्रिकोणापर्यंत पुसला गेला असेल तर दाब जमला. त्रिकोणाच्या खालीही पुसला असेल तर टायर भिंतीवर लोळतोय, हवा वाढवा. वरच थांबला असेल तर हवा जास्त आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा सर्वांत आधी मार खातो, म्हणून खडू तिथे आधी पाहा. स्वतःचा दाबमापक आणि पायानं मारायचा पंप डिकीत हवाच. निघण्याआधी रस्त्याचा दाब परत भरायचा असतो.

व्हील अलाइनमेंटमध्ये फार खेळू नका. वळणात चाक बाहेर कलतं, म्हणून ट्रॅकवाले वरून आत झुकलेला, म्हणजे ऋण कॅम्बर मागतात. पोलोत तो बदलायला मुळात फार वाव नाही. सबफ्रेम थोडी सरकवून डावी-उजवी बाजू सारखी करता येते, एवढंच. ते करा, टो शून्याच्या जवळ ठेवा आणि सोडून द्या. जास्त कॅम्बरसाठी वरच्या प्लेटा घातल्या तर १२० किलोमीटरसाठी २,६०० किलोमीटर टायरची आतली कड खात जावं-यावं लागेल. कमी उंचीच्या स्प्रिंगांबद्दलही हेच. चांगल्या अवस्थेतले मूळ शॉकअप पहिल्या वर्षाला पुरे.

इंजिनाला ताकद नको, थंडावा हवा. कूलंट जुनं असेल तर बदला, रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती आणि किडे हलक्या पाण्यानं धुवा, पंखा दोन्ही वेगांवर फिरतो का पाहा. इंजिन ऑइल कंपनीनं सांगितलेल्या दर्जाचं, नवं, आणि डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत. लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं. पातळी कमी असेल तर पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि बेअरिंग कोरडी पडतात. म्हणून प्रत्येक सेशननंतर, गाडी सपाटीवर थोडा वेळ उभी राहिल्यावर, डिपस्टिक ओढायची सवय लावा. ओबीडीचा छोटा रीडर लावला तर कूलंटचं तापमान फोनवर दिसतं. ते चढू लागलं की वेग सोडा. टर्बो गाडी जोरात पळवून तशीच बंद करायची नाही. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता, वरच्या गिअरमध्ये, शांतपणे पूर्ण करायची. त्या फेरीत ब्रेक, टर्बो आणि गिअरबॉक्स तिन्ही निवतात. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, ट्रॅकवर गाडी लिटरला चार-पाच किलोमीटरवर येते.

इंजिनाचा कॉम्प्युटर रीमॅप करून पंचवीस-तीस घोडे वाढवायचा मोह सर्वांत आधी होतो. माझं मत स्पष्ट आहे, तो पहिल्या दोन वर्षांत करू नये. वाढलेला प्रत्येक घोडा सरळ पट्ट्याच्या शेवटी जास्त वेग देतो, आणि तो वेग पुन्हा त्याच ब्रेकना खायचा असतो. शिवाय कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मर्यादा आहेत. एमएच-४३ ची पाटी लावून रोज रस्त्यावर धावणारी गाडी त्या चौकटीत राहिलेली बरी.

माणसाची तयारी थोडक्यात. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, पातळ तळव्याचे बूट, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे. हेल्मेट कुठल्या दर्जाचं चालतं ते आयोजकांना आधी विचारा. सीट अशी लावा की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल. मूळ तीन टोकांचा पट्टाच वापरायचा. तो घट्ट करायची एक युक्ती आहे. सीट एक-दोन खाच मागे घ्या, पट्टा लावा, झटका देऊन तो लॉक करा आणि लॉक असतानाच सीट पुढे सरकवा. अंग सीटला बांधल्यासारखं बसतं. मूळ सीटवर चार टोकांचा शर्यतीचा पट्टा, तोही रोल केजशिवाय, लावू नका. गाडी उलटली आणि छत दबलं तर तीन टोकांच्या पट्ट्यात शरीराला बाजूला झुकता येतं, त्या पट्ट्यात येत नाही.

गाडीतलं सुटं सगळं बाहेर. मॅट, पाण्याच्या बाटल्या, छत्री, जॅक, स्टेपनी, डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपतीसुद्धा. त्याला नमस्कार करून कापडात गुंडाळून पिशवीत ठेवा, जोरात ब्रेक लागला की एवढ्याशा वजनाची मूर्तीही काचेकडे झेपावते. पुढच्या बंपरमध्ये बसणारा ओढायचा हूक मात्र बाहेर काढून लावा. फोक्सवॅगनमध्ये त्याचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून घट्ट होतात. हे घरीच एकदा करून पाहा, ट्रॅकच्या कडेला मार्शल वाट पाहत असताना नको. टॉर्क पाना विकत घ्या. पोलोचे चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात, आणि पहिल्या सेशननंतर चाकं निवल्यावर पुन्हा तपासायचे.

एक कागदही वाचा, आपल्या विमा पॉलिसीचा. खाजगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादेखाली आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी कठड्याला लागली तर खर्च आपल्याच खिशातून, हे गृहीत धरून वेग ठरवा. म्हणूनच गाडीत ईएसपी असेल तर ते बंद करायचं नाही आणि पहिल्या दिवशी कोणाच्या मागे लागायचं नाही. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश आत या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, तिला जाऊ द्या. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे ट्रॅकवर ऑइल किंवा पाणी. सकाळच्या ब्रीफिंगला उशीर करू नका.

दिवस संपला की लगेच महामार्गाला लागायचं नाही. गाडी पूर्ण निवू द्या. टायरात रस्त्याचा दाब भरा, बोल्टवर टॉर्क पाना फिरवा, कूलंट आणि ऑइल पाहा, चाकाच्या आरांतून टॉर्च मारून पॅडची जाडी पाहा, पेडल दाबून ते सकाळइतकंच कडक आहे का बघा. मऊ वाटलं तर पुन्हा एअर काढा, त्यासाठी एक सीलबंद बाटली जास्त नेलेली असावी. थकलेल्या माणसानं रात्री गाडी चालवू नये. मुक्काम करा, सकाळी निघा.

आणि एक वही ठेवा. प्रत्येक सेशनला थंड आणि तापलेला दाब, खडू कुठवर पुसला, कूलंट किती चढलं, ऑइल किती खाल्लं, पॅड किती झिजले. दोन-तीन ट्रॅक डे झाले की वहीच सांगते पुढचा पैसा कुठे घालायचा. पुढचे टायर बाहेरच्या खांद्यावर फाटत असतील तर कॅम्बर प्लेटांचा विचार करा, पेडल दुपारी मऊ होत असेल तर ब्रेकला हवा पोचवायच्या नळीचा, ऑइल तापत असेल तर कूलरचा. यातलं काहीच होत नसेल, तर तो पैसा चालवायला शिकवणाऱ्या चांगल्या प्रशिक्षकावर घाला.